बरणीभर तूप
माझा जन्म मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय, खोटं कशाला सांगू? साल बासष्ट, गाव भुकूम. बाळाचा श्वास, ठोके, रंग बघून दहापैकी मार्क द्यायची नवी रीत पुण्याची शिकाऊ डॉक्टरीण घेऊन आली होती. मी निळाजांभळा पडलेलो, रडेना. “तीन!” ती घाबरून म्हणाली. दाराबाहेर आज्याला वाटलं, नातू मॅट्रिकच्या पोरासारखा नापास झाला, आता हातचा जातो. “बाई, बरणीभर तूप देतो, येक मार्क वाढवा!” बाईने माझं नाक साफ केलं, पाठ चोळली. मी बोंब ठोकली. “नऊ!” आजा बरणीसकट आत घुसला. “येक कशापायी कापला?” “तळपाय अजून निळे आहेत, आजोबा. तूप परत न्या.” आज्याने झाकण काढलं आणि तेच तूप माझ्या तळपायांना ते गुलाबी होईस्तोवर चोळलं. “बगा आता.” बाई वाकली. “दहा!” मग आज्याने तुपाच्याच हातांनी डोळे पुसले.