दोडक्याच्या शिरांची चटणी

“घे गं सगळं माझं! विद्या दिल्यानं वाढते, कीर्तनात ऐकलंय मी,” असं म्हणत सासूबाई सकाळी स्मृतिकेंद्रात आपलं स्वयंपाकातलं कसब रेवतीच्या डोक्यात उतरवायला तिच्याशेजारी कपाळाला तारा लावून बसल्या होत्या. आणि दुपारी रेवतीच्या हातांनी आपसूक दोडक्याच्या शिरा तीळ घालून खमंग परतल्या. सासूबाईंची चाळीस वर्षांची काटकसर तिच्या बोटांत उतरली होती.

तेवढ्यात कलिंगड चिरून सासूबाईंनी साली खुशाल केरात टाकल्या.

“अहो आई, त्यांची भाजी करता ना तुम्ही!”

“सालींची? गाय समजलीस की काय मला?”

रेवतीनं घाईघाईनं चटणीची वाटी पुढे केली.

“ही तरी ओळखा, आई.”

सासूबाईंनी बोट चाटलं, पुन्हा बुडवलं.

“झकास झालीये! कुणी शिकवली गं तुला?”