चूलदेवाचा मान

चीनमधल्या शान्सी प्रांतातील डोंगराळ गावात वर्ष सरताना चूलदेव स्वर्गात जाऊन घरोघरच्या चहाड्या सांगे. त्याने तोंड उघडू नये, म्हणून त्याच्या चित्राच्या ओठांना चिकट साखर फासण्याची रीत होती. मिशनरी हॅरिएटबाईंनी यंदा ते चित्रच अनाथाश्रमातून काढून टाकले, तेव्हापासून स्वयंपाकीण फान आजी रुसली होती.

नेमके साखर फासण्याच्या दिवशी जपानी सैनिक दाराशी आले. तळघरात चाळीस मुले लपलेली, आणि बाईंच्या जिभेला असत्य ठाऊक नव्हते. आजीने साखरेचा भला मोठा गोळा बाईंच्या मुखात कोंबला.

"मुलं कुठे आहेत?" सैनिक गरजला.

"उं... उं..."

वेडी समजून सैनिक निघून गेले.

"आजी, हा कसला खुळेपणा?" अखेर साखरेत चिकटलेले दात सुटल्यावर बाईंनी विचारले.


"चूलदेवाला तुम्हीच घालवलंत ना, बाई? मग यंदा साखरेचा मान तुमचाच!"