सात तास

मास्तरांची पाळी आली, पण त्यांनी वही उघडली नाही. मांडीवरच्या वहीवर दोन्ही हात पालथे ठेवून ते नुसते बसून राहिले.

"काय मास्तर, चष्मा विसरलात की काय?" वर्ग घेणाऱ्या मॅडमनी हसून विचारलं.

सकाळचे अकरा वाजले होते. व्यसनमुक्ती केंद्राच्या वरच्या मजल्यावर दर मंगळवारी झोपेचा वर्ग भरायचा. दारू सुटलेली पण झोप परत न आलेली पाच माणसं गोल करून बसायची आणि आठवडाभरात कोण किती झोपलं ते वाचून दाखवायची. ड्रायव्हरचं वाचून नुकतंच झालं होतं. दोन तास. दीड तास. दोन तास. एका रात्रीपुढे नुसती रेघ.

चौदा महिने तो थेंबाला शिवला नव्हता. तरी डेपोने त्याला गाडीवरून उतरवून टायरांची हवा तपासायला बसवलं होतं, कारण स्टिअरिंगवर त्याचे डोळे मिटायला लागले होते. कालच बायको म्हणाली होती, "पीत होतात तेव्हा निदान घोरत तरी होतात." रागाने नव्हती म्हणाली. तोंडातून निसटलं तशी स्वतःच दचकली आणि उठून लेकीच्या खोलीत गेली.

आता त्याची सगळी भिस्त मास्तरांवर होती. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, वहीसुद्धा लाल शाईने आखलेली. तीन आठवड्यांत ते साडेतीन तासांवरून सातावर पोचले होते. मॅडम ती वही सगळ्यांमधून फिरवायच्या. ड्रायव्हरने मास्तरांचं एकूण एक उचललं होतं. घड्याळ खोलीबाहेर. दुपारनंतर चहा बंद. डोळे जड झाल्याशिवाय गादीला पाठ लावायची नाही, आणि काही झालं तरी साडेपाचला उठायचं. अजून एक आठवडा काढू, असं तो दर आठवड्याला स्वतःला बजावत होता.

"मॅडम, वहीतले तास खरे आहेत," मास्तर म्हणाले. "मी आकडे खोटे लिहीत नाही. पण ते तुमच्या उपायांनी आलेले नाहीत. तीन आठवडे झाले, मी झोपताना दारू घेतोय."



मॅडमचा चेहरा उतरला, पण आवाज त्यांनी सांभाळला. "तुम्ही इथे येऊन सांगितलंत, ही मोठी गोष्ट आहे. शरीराला वेळ लागतो, मास्तर. वर्ष लागतं, कधी दोन. आपण परत सुरुवात करू."

मग सगळेच बोलले. शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "घसरलात तर घसरलात. उठायचं." रंगाऱ्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ड्रायव्हर म्हणाला, "आम्ही आहोत ना, मास्तर." म्हणताना ते त्याला मनापासून वाटत होतं.

"एकदम सोडू मात्र नका, त्रास होईल. मी डॉक्टरांना विचारून येते," असं सांगून मॅडम खाली गेल्या. दार लागलं.

ड्रायव्हर संतापला होता. तीन आठवडे हा माणूस आपल्याला फसवत होता, आणि आपण त्याचं बघून पहाटे साडेपाचला डोळ्यांवर पाणी मारत होतो! चांगलं फैलावर घ्यायचं, असं ठरवून त्याने तोंड उघडलं.

"किती वेळात लागते?"

मास्तरांनी वर पाहिलं. "काय?"

"झोप. घेतल्यावर."

"नको विचारूस रे."

"सांगा ना."

"दहा मिनिटं."

"आणि मध्ये जाग?" मावशींनी विचारलं.

"आधी यायची. आता थोडी वाढवलीय. आता नाही येत."

"स्वप्नं?" रंगारी म्हणाला.

"काही नाही. दिवा मालवला की एकदम सकाळ." बोलता बोलता मास्तरांचा आवाज मऊ झाला, नातवंडाबद्दल सांगावं तसा.

वर्गात कधीच तोंड न उघडणारा पोस्टमन पुढे झुकला. "पांघरूण घेतल्याचं आठवतं का हो? की त्याच्या आधीच?"

मास्तर उत्तर द्यायला गेले आणि त्यांचं लक्ष समोरच्या चेहऱ्यांकडे गेलं. जेवून आलेल्या माणसाच्या तोंडाकडे उपाशी माणसं बघतात, तसे चौघे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मॅडम दार लोटून आत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. गोल मोडला होता. चारही खुर्च्या सरकून मास्तरांना भिडल्या होत्या. ड्रायव्हरचा गुडघा मास्तरांच्या गुडघ्याला लागला होता. आपण खुर्ची कधी ओढली, हे त्याला कळलंच नव्हतं.

"काय बोलत होतात?" मॅडमनी विचारलं.



मास्तर उठले. त्यांनी वही मॅडमच्या हातात दिली. "मला डॉक्टरांकडे न्या. ॲडमिट करा, बांधून ठेवा, काय करायचं ते करा. पण मॅडम, मला परत यांच्यात बसवू नका."

मॅडम त्यांना धरून बाहेर घेऊन गेल्या. जिन्यावरची पावलं हळूहळू खाली उतरली.

खुर्ची मागे घ्यायला हवी, हे ड्रायव्हरला समजत होतं. इतर तिघांनाही समजत असावं. पण कोणी हललं नाही. मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून चौघे तसेच बसून राहिले.