काठोकाठ

त्याने माझाच पान्हा उचलून माझ्या तोंडावर हाणला. दोन दात फरशीवर पडले.

"तुझ्या पंपाने ऑइल दिलं नाही, मिस्तरी! घाटात इंजिन सीज झालं, चाक जाम झालं. माझी बायको उडून दगडावर आपटली. जागेवर मेली!"

दुसरा फटका मी हातावर झेलला. आत हाड मोडलं.

नवा ऑइल पंप बसवून त्याची जुनी टू-स्ट्रोक गाडी परत देताना, पंप चालला नाही तरी इंजिन वाचावं म्हणून, मी पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलं होतं. बजावलं होतं, हे पेट्रोल संपायच्या आत ऑइलची टाकी उघडून बघ. का, ते काय सांगायचं? शेंबड्या पोरालाही कळतं.

"टाकी बघितलीस?" मी रक्त थुंकत विचारलं.

"बघितली! काठोकाठ होती! घाटाआधी तिलाही दाखवली. म्हटलं, बघ, दीडशे किलोमीटर झाले, गाडीने थेंब खाल्ला नाही..."

"पंपाने ओढलं असतं तर काठोकाठ राहिली असती का रे, गाढवा?"

उचललेला पान्हा हवेतच थांबला. मग तो पान्हा फरशीवर आणून टाकलेल्या गाडीच्या ऑइलच्या टाकीवर आदळत राहिला, ती फुटेपर्यंत.

फरशीवरचं कोरं ऑइल, माझं रक्त, सगळं ओंजळीने उचलून तो थंड इंजिनावर ओतू लागला.