चार वाजताचा चौकोन

स्वयंपाकघराचं दार लोटून तिनं चंदेरी कागद उलगडला. आत काळ्याकुट्ट चॉकलेटचे दोनच चौकोन उरले होते, बिनसाखरेचे. ते तिनं वाटीत काढून ठेवले. सकाळी हॉस्पिटलातून येताना पर्समध्ये लपवून आणलेलं दुसरं चॉकलेट फोडलं. तेही काळंच, पण साखरेचं. त्याचे दोन चौकोन कागदात ठेवून तिनं कडा नखानं दाबून बसवल्या.

सकाळी डॉक्टरांनी तिला एकटीला बाहेर बोलावलं होतं. "शुगर अगदी आटोक्यात आहे," ते म्हणाले. अख्ख्या रिपोर्टात तेवढी एकच ओळ बरी होती. पोटातलं नवं दुखणं कुणाला जुमानत नव्हतं. मग चष्मा काढून, पुसत पुसत ते म्हणाले, "आता पथ्य राहू दे. त्यांना आवडेल ते खाऊ द्या."

तिनं मान हलवली. पथ्य असं एकाएकी का सुटतं, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

"चार वाजले," बाहेरच्या खोलीतून बाइंडरांनी आवाज दिला.

सगळा रस्ता तिच्या नवऱ्याला बाइंडर म्हणायचा, लाडात आली की तीही. चार वर्षांपूर्वी शुगर निघाली आणि "तुला एकटीला टाकून लवकर जायचं नाही मला," म्हणत त्यांनी भात, पाव, बटाटे, साखर, सगळं एका दिवसात बंद केलं. पहिला महिना घरादारावर खेकसत काढला. मग कुणीतरी सुचवलं म्हणून तिनं हे चॉकलेट आणलं. "हे चॉकलेट की काढा?" पहिला चौकोन तोंडात टाकून त्यांनी विचारलं होतं. पण हळूहळू जीभ वळली. रोज चारला कोरा चहा आणि एक चौकोन. चावायचा नाही. जिभेवर ठेवून डोळे मिटायचे, आणि तो विरघळेपर्यंत घरात कुणी बोलायचं नाही. "आधी कडू लागतं, मग मागून कुठून तरी गोडी येते," असं ते पुस्तकांना जिल्द बांधून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही कौतुकानं सांगायचे.

तरी एका लग्नात ताटावर हात आडवा धरून त्यांनी गोडाला नको म्हटलं, तेव्हा गिळलेला आवंढा तिनं पाहिला होता. तो काही तिच्या मनातून गेला नव्हता.

ती चहा आणि चॉकलेट घेऊन गेली. फोडून स्वतःच भरवायचं तिनं ठरवलं होतं, पण त्यांनी हात पुढे केला. बोटांची नुसती हाडं राहिली होती. त्यांनी पुडी उलटीसुलटी केली. कडेवरून अंगठा फिरवला.

"ही घडी माझी नाही."

"मीच उघडलं होतं मघाशी. मुंग्या लागल्यात का बघायला."

"बिनसाखरेच्याला मुंग्या?"

त्यांनी एक चौकोन मोडून जिभेवर ठेवला, डोळे मिटले. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. डोळे फार लवकर उघडले.

"गोड आहे."

"कंपनीनं बदललं असेल."

"अगं, चाळीस वर्षं पुठ्ठे चढवले मी. वर काय आणि आत काय, एवढं कळतं मला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "डॉक्टर काय म्हणाले?"

"शुगर आटोक्यात आहे म्हणाले."

"आणि?"

ती कॉटच्या कडेवर टेकली. चादरीची सुरकुती हातानं सारखी करू लागली. "खाऊ द्या म्हणाले. आवडेल ते."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्यांनी उरलेला चौकोन कागदात ठेवला आणि नवी पुस्तकं बांधायचे तशा चारही कडा आत दुमडून, कोपरे काढून, पुडी तिच्या हातात दिली.

"वाईट नाही तसं," ते म्हणाले. मग तिच्याकडे बघत, "पथ्य मी कशापायी धरलं होतं, ठाऊक आहे ना तुला?"

तिनं मान खाली घातली.

"मग ते असं परस्पर सोडवू नकोस. जा, माझं घेऊन ये."

तिनं वाटी आणली. त्यांनी काळा चौकोन उचलला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. ती काही बोलली नाही, नाकही ओढलं नाही. बराच वेळ गेला. त्यांच्या गळ्याची घाटी एकदा वरखाली झाली.

"आली," ते डोळे न उघडता म्हणाले. "गोडी आली."

वाटीत एकच चौकोन उरला होता. त्यांचा डोळा लागल्यावर तिनं शेजारणीला बसवलं आणि चपला घालून दुकान गाठलं.

"बाइंडरकाकांचंच ना?" तिनं सांगायच्या आतच दुकानदारानं फळीकडे हात केला. "बरे आहेत ना? काकू, सध्या तीनवर एक फुकट आहे. चार नेलीत तर पुढे महिनाभर यायला नको."

"महिनाभर," ती म्हणाली.

"सहज. रोजचा एकच खातात ना ते?"

ती फळीकडे बघत उभी राहिली. मागचं गिऱ्हाईक चुळबुळलं. मग तिनं पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून त्याच्यापुढे धरलं.

"चारही घाला."