नणंदेच्या चपला

वहिनी बुटांच्या दुकानात गालिच्यावर अनवाणी बसून गिऱ्हाइकांच्या पायांत बूट चढवायची. आज तिच्या नणंदबाई अवतरल्या. लाल बूट घालून आरशापुढे मुरडल्या, जुन्या चपला तिथेच सोडल्या आणि डोळा मिचकावून, पैसे न देता, खुशाल चालत्या झाल्या. ओरडावं तर घरात वणवा, गप्प बसावं तर नोकरीवर गदा. तेवढ्यात मालक उगवले. “या चपला कुणाच्या?” “माझ्याच,” म्हणत तिने त्यांत पाय कोंबले. टाचा निम्म्या बाहेर राहिल्या. मालकांची नजर संध्याकाळपर्यंत टाचांवरून हलेना. शेवटी सकाळी मागच्या दाराशी काढलेल्या स्वतःच्या चपला तिथेच सोडून ती तशीच लंगडत घरी आली. दारात सासूबाई उभ्या, मागे लाल बुटांतली लेक. “पोरीच्या चपला हरवल्या म्हणून तिने नवे बूट घेतले, आणि त्या तुझ्या पायात? न विचारता उचलल्यास? याला आमच्या घरात चोरी म्हणतात!”