पंचेचाळीस दात

"किती दात?" कृष्णमूर्तीनं विचारलं.

विद्यानं मुठीतला कागद सोडला नाही.

शिवाजीनगरची दुकानं नुकती उघडत होती. काउंटरवर तिनं आणलेलं पेट्रोलवरच्या चेन-करवतीचं पातं होतं, हातभर लांब, कडेनं खाच असलेलं. कृष्णमूर्तीनं खाचेत पत्र्याची पट्टी सरकवून जाडी पाहिली. जमली. टोकाच्या चाकावर चेनचा तुकडा बसवून दातांमधलं अंतर पाहिलं. तेही जमलं. राहिला आकडा.

"वरचे कापायचे नकोत, अक्का. खालचे. या खाचेतनं पळतात ते. जुनी चेन आणली असती तर मीच मोजले असते."

"ती तुटून फांद्यांबरोबर लॉरीत गेली. हे पडले त्या दिवशी."

पडले. वीस फुटांवरून. करवत दोरीला तशीच लटकत होती, चालू. दोन बरगड्या, एक घोटा, दोन महिने अंथरूण. आणि आता उद्या. उद्या सकाळी सात. बसवनगुडीत एका बंगल्यामागचा सिल्व्हर ओक, साठ फूट.

"मग मशीन तरी आणायची."

"बसमध्ये घेत नाहीत. पेट्रोलचा वास येतो."

"हं. मग नीट आठवा. एक दात कमी पडला तर चेन पात्यावर चढत नाही. एक जास्त झाला तर लोंबते, कितीही ताणा. दोन्ही वाया. आणि हा रिळाचा शेवट आहे. पुढचं रीळ मद्रासहून पंधरा दिवसांनी."

पंधरा दिवस.

ती रस्त्याकडं पाहू लागली. एक बस. दुसरी बस. ठेकेदार हयवदन काल दारात उभा राहून म्हणाला होता, परवा नाही आलास तर हे काम दुसऱ्या टोळीला, आणि यापुढचीही त्यांनाच. सासूबाई, सगुणाबाई, आतून म्हणाल्या होत्या, "येणार नाही म्हणजे? माझा अभी शेंड्यावर बसून डबा खातो." अभिराज हसला होता. विद्याच्या भावानं चामराजपेटच्या लाकूड वखारीत त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. जमिनीवरची. त्यावरही तो हसला होता. "भुशात बसू काय, कोंबडीसारखा?"

मग आज सकाळी जिना उतरताना त्यानं कठडा दोन्ही हातांनी धरला. तिनं पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवलं. चेन आणायला ती निघाली तेव्हा त्यानं कागदावर आकडा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. पंचेचाळीस.

"अक्का, स्वल्प लवकर. बाकीची गिऱ्हाइकं आहेत."

पंचेचाळीस. तिनं म्हणायचं ठरवलं. जीभ वेगळंच बोलली.

"चव्वेचाळीस."

"नक्की?"

"नक्की."

तो मोजू लागला. अंगठ्यानं एकेक दात पुढं सरकवत, ओठ हलवत. तिला वाटलं, आता थांबवावं. वीस. त्यांना कळलं तर? तीस. कळू दे. चाळीस. बायको म्हणून हे पाप असेल तर असू दे. चव्वेचाळीस. ठोक. त्यानं चेन तोडली, टोकं जुळवली, रिपिट मारली.

बसमध्ये तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. काही केल्या एका जागी बसवेना. दोन थांबे आधीच उतरली आणि चालत निघाली.

घरी अभिराज अंगणात करवत उघडून बसला होता. सगुणाबाई पायरीवर शेंगा सोलत होत्या. विद्यानं पातं आणि चेन त्याच्यापुढं ठेवली आणि आत गेली. पाणी प्यायली. पुन्हा प्यायली. बाहेरून आवाज येईना. ना शिवी, ना "कसली चेन आणलीस".

ती दारात आली.

चेन पात्यावर चढली होती. कुठंही लोंबत नव्हती, कुठंही अडत नव्हती. अभिराजनं स्क्रू फिरवला. बोटानं चेन ओढली. ती सर्रकन फिरली. त्यानं ती काढली. पुन्हा चढवली. पुन्हा तशीच बसली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"बसली ना?" सगुणाबाई म्हणाल्या. "सरी, बरं झालं. मग तोंड का असं?"

फाटकाशी स्कूटर थांबली. हयवदन उतरलाच नाही. "काय अभिराज अण्णा, उद्या सात? की चेन मिळाली नाही म्हणून सांगशील?"

अभिराजनं स्क्रू पुन्हा घट्ट केला.

"हे चढणार नाहीत," विद्या म्हणाली.

सगुणाबाईंच्या हातातली शेंग थांबली. "तू कोण ठरवणार?"

"मी कोणी नाही." ती बोलत राहिली, कारण थांबली असती तर पुन्हा बोलली नसती. "मी चेन मुद्दाम चुकीची आणली. यांनी पंचेचाळीस लिहून दिले होते, मी चव्वेचाळीस मागितले. बसू नये म्हणून. तरी बसली. कशी, मला ठाऊक नाही. पण हे चढणार नाहीत."

हयवदननं स्कूटर बंद केली.

सगुणाबाई मुलाकडं बघत होत्या. आता हा बायकोवर ओरडेल, म्हणून वाट बघत होत्या. अभिराजनं चेन पात्यावरून उतरवली आणि तेलकट हात लुंगीला पुसले. आईकडं त्यानं पाहिलं नाही. हयवदनकडंही नाही.

"या करवतीला चव्वेचाळीसच लागतात," तो म्हणाला. "एक मी वाढवून लिहिला होता."